मोटारीचा सकाळचा खोकला

हिंजवडी, पुणे
सोमवार

श्रीयुत बजरंगराव यांस, हिंदुरावचा आदरपूर्वक नमस्कार.

आपला गुडघा आता उतारास लागला असेल, असे धरून चालतो. आपल्या भगिनी मालनबाई यांची प्रकृती उत्तम असून आवाजही पूर्वीइतकाच खणखणीत आहे. चि. तेजस व सूनबाई श्रद्धा कंपनीच्या बसने कामावर जातात. (कंपनी येथून दीड कोसावर आहे व पोहोचण्यास एक तास लागतो. हे गणित आमच्या चौथीत नव्हते.) घरात आजारी अशी एक मोटारच आहे. फोन केला असता, परंतु आपल्या भगिनींना दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येते, म्हणून हे पत्र.

दुखणे असे. सकाळी चावी फिरवली की मोटार सर्वांगाने थरथरते, गचके खाते, खोकते आणि एखादे वेळी बंदही पडते. पाव तासाने इंजिन तापले की वळण लागलेल्या बैलासारखी चालू लागते. तपास मी स्वतःकडे घेतला. प्रथम थंडीवर संशय घेऊन रात्री तिच्यावर बैलांची जुनी झूल घातली. (शेजारच्या इमारतीतील मुलींनी फोटो काढले. मी सरळ उभा राहिलो.) गुण आला नाही. नंतर पेट्रोलपंप दोनदा बदलला. मालनबाईंचे म्हणणे, "आवं, सर्दी झालीया तिला, वाफ द्या." या उपचाराचा विचार मी केला नाही. शेवटी मोटार रणजित मिस्त्रींच्या गॅरेजात नेली, तर तेथे पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले! त्यांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, "काका, गाडी एकदम मस्त आहे. तुम्हाला काय होतंय?" असे तीन वेळा झाले.

मग मात्र माझा संयम सुटला. कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी जेवणाच्या पंगतीत मी सर्वांसमक्ष जाहीर केले, की ज्याच्या निष्काळजीपणाने मोटारीची ही दशा झाली, त्याने यापुढे चावीस हात लावायचा नाही. तेजसने लगेच विचारले, "कोणीही असो ना, आबा?" मी म्हणालो, "कोणीही असो." (माझा रोख अर्थातच त्याच्यावर होता.)

शुक्रवारी रणजित मिस्त्री स्वतः घरी आले, कारण थंड इंजिन घरीच पाहावे लागते. मुले कामावर व आपल्या भगिनी देवळात होत्या. पाहुणा मोटार पाहण्यास येणार, म्हणून त्या दिवशी मी तिला विशेष काळजीने आंघोळ घातली होती. बैल धुतल्याशिवाय कामास जुंपायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत आपणास ठाऊक आहेच. जमीन गेली, बैल गेले, मोटार आली. रीत मी मोडली नाही. लोक बाहेरून पुसतात, मी रोज पहाटे बॉनेट उघडून आत दोन बादल्या ओततो. मिस्त्रींनी इंजिनावरचे प्लगचे टोपण काढले, आत चिंधी घातली आणि ती पिळून दाखवली. टोपणांची रबरे जुनी होऊन चिरली आहेत. त्यातून पाणी प्लगच्या खळग्यात साचते, ठिणगी पडत नाही, आणि इंजिन तापून पाणी वाळले की मोटार सुधारते, असे त्यांनी समजावले. नंतर विचारले, "काका, इंजिनला रोज आंघोळ कोण घालतं हो?"

मी त्यांना चहा दिला व घरात काही न बोलण्याची विनंती केली.

तात्पर्य, दुखणे किरकोळ आहे, काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हिंदुराव

ता. क. – येत्या रविवारी तेजस मोटार मोठ्या वर्कशॉपमध्ये नेणार आहे. तेथे दोषाचे कारण कागदावर छापून देतात. माझा शब्द तर माघारी येत नाही. म्हणजे चावी माझ्याच हातून जाणार, आणि या घरात माझ्या हाताने चालणारी आता मोटार ही एकच वस्तू उरली आहे. तरी आपण शनिवारी यावे, सर्वांसमक्ष बॉनेट उघडून अर्धा तास गंभीर राहावे, रबरे बदलावीत आणि "वयोमानाने गेली होती" एवढेच म्हणावे. (यात असत्य काही नाही. आपणास पाप लागणार नाही.) तेजसच्या लग्नात "ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने मोटारीस हात लावू नये" असे मी आपणास बोललो होतो. ते मागे घेतो. असा शब्द मी आजवर कोणासाठीही मागे घेतलेला नाही, याची नोंद घ्यावी.

ता. क. दुसरे – शुक्रवारपासून आंघोळ बंद केल्यामुळे एक नवीन अडचण उद्भवली आहे. मोटार पहिल्याच चावीला सुरू होते. आज सकाळी तेजस माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आबा, ऑटोमॅटिक बरी झाली की काय?" आपण आल्यावर दुरुस्त करण्यासारखे काही शिल्लक असावे, म्हणून उद्या पहाटेपासून अर्धी बादली पुन्हा सुरू करीत आहे. शनिवारपर्यंत दुखणे मी टिकवून धरतो. आपण पहिल्या एसटीने निघावे.