मनस्वीचा बरा दिवस

७ डिसेंबर, शनिवार

मनस्वी नाचली! माझ्या धाकट्या भावाच्या, दीपेशच्या हळदीत. जासईला, भर मांडवात. एक नाही, चार गाणी! गेली दोन वर्षं गुडघे आणि घोटे धरून बसलेली माझी अकरा वर्षांची पोर, काकाचा हात धरून नाचली. लहान मुलांनाही संधिवात होतो हे मला तिच्यामुळेच कळलं. व्हिडिओ काढला, लगेच स्टेटसला टाकला. कुणाकुणाला सांगू असं झालं होतं.

९ डिसेंबर, सोमवार

पनवेलला परत, आणि परत तेच. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवेनात. माझी बायको दिपिका तिच्याजवळ गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली. माझी आय दारातून म्हणाली, "परवा नाचली तवा काय नाय दुखला. आज साळा हाय तं दुखतंय?" दिपिकाने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात कल्पेश सरांचा, तिच्या वर्गशिक्षकांचा फोन. त्यांनी स्टेटस पाहिलेलं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर — डॉक्टरांच्या पत्रावर तिला शिक्षकांची लिफ्ट वापरायला मिळते. सर अवघडून विचारत होते, आता बरी आहे का, बाकीचे पालक बोलतात. मी असा ओशाळलो! म्हणालो, चढेल ती. मग तिच्याकडे वळून, "नाचता येतं ना? मग जिनेही चढता येतात."

रडली नाही. मोजे घालत बसली. एक मोजा घालायला किती वेळ लागला ते मी पाहिलं — आणि तरी पाठवली.

१० डिसेंबर

उजवा गुडघा सुजून टम्म. काल वर्गात पोचेपर्यंत पहिला तास संपला होता म्हणे. हे तिने नाही, दिपिकाने सांगितलं. बायको तेवढंच बोलली. बाकी माझ्याशी बोलणं बंद.

११ डिसेंबर

शाळा नाही. रजा टाकली. तिचा गुडघा शेकतोय.

१४ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरबाईंना विचारलंच — एवढं दुखतं तर नाचली कशी? त्या गुडघा तपासतच होत्या. "तो दिवस बरा होता म्हणून नाचली. असा दिवस मिळाला तर नाचू द्या. तोही खरा, आजचाही खरा."

मी जासईच्या यार्डात कंटेनर तपासणारा माणूस. सील शाबूत दिसलं की गाडी सोडायची, आत काय आहे ते बघायचं नाही. पोरीशीही तसाच वागलो. लाज वाटते. येताना शाळेत गेलो, सरांसमोर कबूल केलं की चूक माझी. सोमवारपासून लिफ्ट चालू. मनस्वीला सॉरी म्हणालो. "इट्स ओके, पप्पा," म्हणाली, मोबाइलमधून डोकं वर न काढता. सुटलो बाबा, असं वाटलं.

२३ डिसेंबर

सूज उतरली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वर्गाचा कोळीनाच आहे, त्यात मनस्वीचं नाव आहे. घरात रोज थोडा थोडा सराव चालतो, दुखलं की बसते. आयने स्वतःचं जुनं लुगडं काढून दिलं, दिपिकाने ते तिच्या मापाचं केलं. दिपिकाने आज मला चहाही विचारला.

२८ डिसेंबर, शनिवार

गॅदरिंग. वर्गाचा नंबर आला आणि मनस्वी स्टेजमागून निघून माझ्या शेजारी येऊन बसली. लुगडं नेसून, गजरा माळून. नाच बसवणाऱ्या बाईंना नाचत नाही म्हणून सांगून आलेली. विचारलं, दुखतंय का?

"नाही पप्पा. आज काहीच दुखत नाही."

मग जा की, म्हटलं.

"आज नाचले, तर परत दुखेल तेव्हा तुला खरं वाटणार नाही."