नानांनी वगळलेलं स्तोत्र

मस्कत, रविवार

प्रिय नाना,
प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत?

रजा मिळाली नाही, म्हणून आईच्या मातीला मी फोनवरूनच हजर होते. देवपूरच्या मंडळीसमोर तुम्ही स्तुतीचं स्तोत्र वाचलंत आणि हुंदके देणाऱ्या कोकिळा अक्काला गप्प बसवलंत. विश्वासणाऱ्यांनी रडू नये म्हणे.

घरच्या प्रार्थनेत तुम्ही अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कायम वगळलंत, कारण ते अंधारातच संपतं. मी रोज तेच वाचते. त्यातला माणूस शेवटपर्यंत देवाशी भांडतो, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. अक्काला वाचून दाखवा आणि तिला रडू द्या.

मीही देवाशी भांडते, पण बोलणं सोडलेलं नाही.

फोन करू नका. तुमच्याशी बोलायला मला अजून वेळ लागेल.

तुमचीच लेक,
सुवार्ता