बाटलीतला नालायक

३ तारीख, गुरुवार, दुपार

आणि वर मलाच बोलतात! हात कशाला घातलात म्हणे. अरे, टब माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, पाणी मी भरते, घासते मी, मग हात काय शेजारीण येऊन घालणार? आणि त्यात मासा कुणी सोडला? आमच्या ह्यांनी. सांगितलं का? नाही. सापळ्यातून काढला, टबात टाकला आणि जाऊन झोपले. माशांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम परवापर्यंत पलीकडच्या बेटावर, त्या आल्या की दाखवू म्हणे. मी टब रिकामा समजून हात घातला.

उजव्या हाताचं मधलं बोट. फुगून केळं झालंय. तासभर कढत पाण्यात धरून बसले. मॅडमसाठी माशांची चित्रं काढणारे मास्तर म्हणाले, वहिनी, नशीब समजा, ह्याच्या भाऊबंदांनी टोचलं तर माणूस जातो. असलं नशीब मास्तरांनाच लखलाभ.

मासा वीतभरसुद्धा नाही. रंग चिखलाचा. तोंड हे एवढं, खालचा ओठ पुढे, जगावर रुसल्यासारखा. डोक्यात झारा घातला. मग पाठीवरचे काटे मोजले, आणखी किती टोचले असते ते कळावं म्हणून. तेरा. दोनदा मोजले. मास्तर पुस्तकात बघून म्हणाले, बारा असतात. म्हटलं, पुस्तकाला टोचलाय का?

सोडणार नाही. महिनाअखेर सामानाच्या बोटीने आमच्या केंद्राचे मोठे साहेब येतात, त्यांच्यासमोर तक्रार. तक्रारीला पुरावा लागतो. जॅमची रिकामी बाटली घेतली, मॅडमच्या कॅनमधलं स्पिरिट ओतलं (माझं व्हिनेगर कशाला वाया घालवू), मासा आत. चिठ्ठी लिहिली: तारीख, वेळ, उत्तरेचा खडक, चाळीस वाव खोल, सापळ्यात आला, आणणारे आमचे हे, काटे तेरा. खाली लिहिलं, हाच तो नालायक. डिंक नव्हता म्हणून चिठ्ठीही बाटलीतच घातली. पेन सापडलं नाही, पेन्सिलीने लिहिलं.

बाटली मिठाच्या डब्यामागे.

५ तारीख

मॅडम परत आल्या. इथे सहा महिने आहेत, खडकांतले नवे मासे शोधायला. नवे म्हणजे माशांना नवे नाहीत, आपल्याला नवे. आज जेवताना सांगत होत्या, नव्या माशाला नाव द्यायचं असतं, माणसाचंही देतात. आणि एकदा दिलं की दिलं. जगभर तेच, कायमचं.

माझा घास हातातच राहिला.

वन्संच्या दुकानावर त्यांच्या नावाची पाटी आहे. शिलाईचं दुकान, दोन मशिनी, त्यातली एक बंद. पण सणसणीत मोठी पाटी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, प्रत्येक भेटीत ती पाटी मला दाखवतात, जशी काही मी वाचायला विसरते. माझं नाव कुठे आहे? रेशनकार्डावर. तेही चुकीचं.

ठरलं. महिनाअखेरीच्या आत मी नवा मासा शोधणार. तीस वर्षं मासे साफ करतेय, मॅडमपेक्षा जास्त मासे माझ्या हाताखालून गेलेत.

६ तारीख, सकाळ

शोधला!

एक दिवसही लागला नाही. मॅडम उगाच सहा महिने घालवतायत. मोठ्या टँकमध्ये सात मासे आहेत. एक जांभळा, मोठा, मिजासखोर. बाकी सहा नारिंगी, डोळ्याखाली सोनेरी रेघ, नाजूक, चालणं कसं राणीसारखं. मास्तरांचं पुस्तक पानन् पान बघितलं. जांभळा आहे. नारिंगी नाही! दोन पानं चिकटलेली होती, गेल्या महिन्यात माझ्याच तेलाच्या हाताने, ती सोडून सगळं बघितलं. दोन पानांत काय असणार.

मॅडमना अजून सांगायचं नाही. आधी पक्का रिपोर्ट करायचा. सांगितलं तर श्रेय त्याच घेतील, शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही.

८ तारीख

रिपोर्ट उद्यापासून. बोट दुखतंय.

९ तारीख

रिपोर्ट झाला नाही, पण वन्संना फोन झाला. सांगितलं, माशाला माझं नाव लागतंय. पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला. म्हणाल्या, कुठल्या माशाला गं? म्हटलं, नारिंगी, सोनेरी रेघेचा, तुम्हाला नाही कळायचं. म्हणाल्या, लागतंय की लागलंय? काय ही बोलायची पद्धत. म्हटलं, लागल्यातच जमा.

१० तारीख, गुरुवार

जांभळा फार माजलाय. माझ्या नारिंग्यांना धड खाऊ देत नाही, सारखा मागे, ढुशा देतो. पुस्तकात आहे म्हणजे जुनाच मासा, त्याचं काय कौतुक. काढला आणि तळला. चौघांत एकेक तुकडा आला. मास्तरांनी विचारलं, कुठला हो मासा? म्हटलं, साधाच. ह्यांनी काटा चोखत विचारलं, अजून आहे का?

टँकमध्ये आता शांतता.

१३ तारीख

इंग्रजी शिकायचं ठरवलं. नाव लॅटिनमध्ये देतात असं मास्तर म्हणाले, मग इंग्रजी रद्द. लॅटिन इथे कुणाला येत नाही, म्हणजे चुकलं तरी कळणार नाही. सोपंच आहे.

१५ तारीख

नमुना स्पिरिटमध्ये ठेवायचा, चिठ्ठी लिहायची, कुठे मिळाला, किती खोल, कुणी आणला, असं मॅडम करतात. माझ्या नारिंगीला मारून बाटलीत घालायला जीव होईना. चिठ्ठी तरी लिहावी म्हटलं, पण तो कुठे मिळाला तेच ठाऊक नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, समुद्रात.

१८ तारीख

सगळ्यात मोठी नारिंगी बाकीच्यांना ढुशा देतेय. माझी म्हणून बाजू घेतली, पण वागणं बरं नाही. नेतृत्वगुण असतील.

२१ तारीख

तिचं तोंड काळवंडल्यासारखं दिसतंय. आजारी असेल. पाणी बदललं. जास्तीचं खायला घातलं. मास्तर टँकपाशी रंगाची पेटी घेऊन उभे होते. लक्षात ठेवलंय.

२४ तारीख, गुरुवार

घात झाला. नारिंगी गायब. तिच्या जागी जांभळा, तोच माज, त्याच ढुशा! मी स्वतः खाल्लेला मासा टँकमध्ये पोहतोय!

आधी मास्तरांना धरलं. रंग कुणी लावला? मास्तर म्हणाले, वहिनी, माझे रंग पाण्यात विरघळतात. मग ह्यांना धरलं. मासा बदललात ना? वन्संनी सांगितलं ना? हे म्हणाले, झोपेतून उठवून असलं विचारू नये.

आरडाओरडा ऐकून मॅडम आल्या. मोजले. म्हणाल्या, मावशी, नर कुठे गेला? म्हटलं, कोण नर? म्हणाल्या, जांभळा तो नर, नारिंगी त्याच्या बायका. नर गेला की त्यातली सगळ्यात थोरली बायको दोन-तीन आठवड्यांत नर होते. रंग बदलतो, सगळंच बदलतं. पुस्तकात दिलंय. आणि चिकटलेली दोन पानं नखाने सोडवून दाखवली. नारिंगी. सोनेरी रेघ. दोनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन मोकळा झालाय.

मग परत विचारलं, नर कुठे गेला? मी म्हटलं, गेला बिचारा. मास्तर आपल्या पोटाकडे बघत बसले. दहा तारखेचं आठवलं असणार.

नवरा गेला की बायको नवरा होते. हे तेव्हापासून माझ्याकडे जपून बघतायत. आज स्वतःहून ताट धुतलं.

२६ तारीख

वन्संनी सगळ्या बाजाराला सांगून टाकलं. महिनाअखेरच्या बोटीने साहेबांबरोबर त्याही येतायत, वहिनीचा मासा बघायला. फोनवर म्हणाल्या, पेढे आणू की थांबू? आवाजात आत्तापासूनच हसू होतं.

दोन दिवसांत दुसरा मासा शोधायचा. अवघड नाही.

२७ तारीख

बोटीच्या तळाशी, टबात, सापळ्यात, फ्रीजमध्ये बघितलं. सगळे पुस्तकात आहेत. चिकटलेली पानं आता राहिली नाहीत.

२९ तारीख, मंगळवार

बोट आली. साहेब उतरले, वन्सं उतरल्या, नवी साडी. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, कुठाय? म्हटलं, आधी चहा घ्या.

चहा झाला. वन्सं पुन्हा म्हणाल्या, कुठाय? साहेब बघतायत, मास्तर बघतायत, हे दारातून पळायच्या बेतात. काहीतरी दाखवायलाच हवं. मनात म्हटलं, मासा नाही तर नाही, तक्रार तर आहे. मिठाच्या डब्यामागून बाटली काढली आणि साहेबांसमोर आपटली. म्हटलं, हे बघा साहेब, कामाच्या जागी काय सोसावं लागतं! बोट दाखवलं. सूज उतरली होती, तरी दाखवलं.

साहेबांनी बाटली मॅडमकडे सरकवली. मॅडमनी सहज उचलली. उजेडात धरली. बसल्या. भिंग मागितलं. एक, दोन, तीन करत मोजायला लागल्या. तेरा झाले तशा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

मग म्हणाल्या, हा कुणी आणला? म्हटलं, वाचा की, लिहिलंय. चिठ्ठी आतच होती, एक अक्षर पुसलं नव्हतं. मॅडमनी वाचली आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मी आत्ताच बोटीतून उतरलेय. म्हणाल्या, मावशी, तारीख आहे, जागा आहे, खोली आहे, पेन्सिल आहे म्हणून अक्षर टिकलंय, नुसत्या स्पिरिटमध्ये ठेवलाय म्हणून मासा टिकलाय. हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हटलं, रागाने.

हा मासा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. कुणीच बघितला नव्हता. तेरा काट्यांचा असा पुस्तकात नाही. अजून नमुने मिळवायचे, चार ठिकाणी दाखवायचा, पक्कं व्हायला वर्ष-दीड वर्ष. पण पहिला नमुना हाच, म्हणाल्या, आणि हरकत नसेल तर नाव तुमचंच देईन.

सव्वीस वर्षं! मी वन्संकडे बघितलं. वन्सं बाटलीकडे बघत होत्या. तो चिखलाचा रंग, ते तोंड, तो पुढे आलेला ओठ. बराच वेळ बघून म्हणाल्या, दुसरं कुणाचं नाव शोभलंच नसतं गं.

हे हसले. पहिल्यांदा हेच हसले.

३० तारीख, बुधवार, सकाळ

रात्रभर विचार केला. दिसायला कसा का असेना, मासा माझा आहे. मास्तर चित्र काढतायत. ओठ जरा आत घ्या म्हटलं. म्हणाले, वहिनी, शास्त्रात तडजोड नसते. बरं. तेही सोडलं.

पण आज मॅडम बाटली बांधायला बसल्या तेव्हा लक्षात आलं. म्हटलं, ती चिठ्ठी द्या, नवी चांगली लिहिते. मॅडम म्हणाल्या, मूळ चिठ्ठी बदलता येत नाही, मावशी, तो नियमच आहे. माशाबरोबर ती कायम राहणार, संग्रहालयात, शंभर वर्षं, दोनशे वर्षं. जो कोणी बाटली उघडेल तो वाचेल.

म्हणजे बाहेर लेबलावर माझं नाव, आणि आत माझ्याच अक्षरात, हाच तो नालायक.

वन्संनी चिठ्ठीचा फोटो काढला. दुकानात लावणार आहेत, पाटीच्या खाली.

मॅडमना द्यायचं पत्र इथेच लिहून ठेवते, दुपारी उतरवून काढीन:

मॅडम, स. न. वि. वि. बोट शनिवारी सुटते. तक्रार मी मागे घेतली, आता तुम्ही ऐका. एकतर तो शब्द खोडा. खोडता येत नसेल तर माशाला आमच्या ह्यांचं नाव द्या, मग चिठ्ठी आहे तशी चालेल, एक अक्षर बदलू नका. शनिवारी सकाळच्या आत उत्तर पाहिजे.