दसऱ्याची रेसकार

अ‍ॅशबर्न,
२३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर आर्य ऐकेल, म्हणून लिहितेय. तुझ्या भाच्याने जुनी रेसकार घेतली आहे आणि ४ ऑक्टोबरला तो पहिल्यांदा शर्यतीत उतरणार आहे. हे सगळं तुझंच देणं! दर वाढदिवसाला त्याला मॉडेल गाडी पाठवायचास, सोबत तिचा इतिहास. तुझ्या कपाटातली गाडी आपटली तर नुसता रंग उडतो, दादा. मला घास गिळवत नाही. तो तुझंच ऐकतो, तूच थांबव त्याला.

तुझी,
सुलेखा

ईडन प्रेरी,
२७ सप्टेंबर

चि. सुलेखास,
अनेक आशीर्वाद.

जत्रेतल्या पाळण्यात बसायलाही रडायचीस तू! बावीस वर्षांच्या मुलाला मी काय थांबवणार? पण ऐक. इथे अमेरिकेत पूर्वी चोरटी दारू वाहणारे पोलिसांना चुकवायला साध्याच गाड्यांची इंजिनं दणकट करायचे, मग आपसातच शर्यती लावायचे. तिथून हा खेळ वाढला. तेव्हा काही जण स्वतःला दोरीने सीटला बांधून घेत. आता पाच पट्टे असतात आणि पोटाजवळचा एक खटका फिरवला की सगळे एकदम सुटतात. गुरुवारी दसरा आहे, गाडीची पूजा कर. मनाला बरं वाटेल. आणि जेवत जा.

तुझा,
राजारामदादा

अ‍ॅशबर्न,
६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आर्य सुखरूप आहे, हे आधी वाच.

पूजा केली. झेंडू, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू; आर्यने हौसेने फोटो काढले. तो हात धुवायला गेला तेव्हा आईने इकडे येताना दिलेली अंगाऱ्याची पुडी मी काळ्या दोऱ्याने खटक्यामागे बांधली, कुणाला दिसणार नाही अशी. सगळं त्या खटक्यावर आहे असं तूच लिहिलंस, म्हणून तिथे.

अकराव्या फेरीत गाडी भिंतीवर आदळली. धूर निघाला आणि खटका फिरेना. जाळीपलीकडून मला त्याचे धडपडणारे हात दिसत होते. शेवटी दोघांनी पट्टे कापून त्याला ओढून काढलं. खटकाच खराब होता, असं सगळे म्हणतात. मी नंतर जाऊन पाहिला. दोरा आत गुंतला होता. पुडीसकट तो उपटून मी पर्समध्ये टाकला.

आर्य मला मिठी मारून म्हणाला, की तो माझ्या पूजेमुळेच वाचला. गाडी दुरुस्त होतेय, नवा बेल्ट मागवलाय आणि येत्या शनिवारी शर्यतीआधी पुन्हा पूजा कर म्हणतो. मी हो म्हणून बसले.

दादा, लगेच ये. त्याला खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पुडीत अजून अंगारा उरलाय आणि माझा मला भरवसा वाटत नाही. शनिवारी मला त्या गाडीजवळ जाऊ देऊ नकोस.

एवढं वाचूनही माझ्यावरचा लोभ राहू दे.

तुझी,
सुलेखा