शेंडेफळाची वाटणी

मी रॅनल्फ, दिवंगत महाराजांचा सर्वांत धाकटा मुलगा, राहणार हेझलबी, पायांची सूज गुडघ्यांवर चढली असली तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय, देवाला स्मरून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. लिहायला मठात शिकलो. थोरल्या तिघांना परगणे वाटून झाल्यावर वडिलांकडे माझ्यासाठी फक्त देवच उरला होता.

कलम पहिले. हेझलबीची गढी आणि जमीन राजाची. मी डोळे मिटताच ती माझे थोरले बंधू, सध्याचे महाराज, यांच्याकडे परत जाईल. यापुढे त्यांना दादाच म्हणतो. त्या जमिनीची वाटणी मी करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

कलम दुसरे. माझा मोठा पलंग, लाल पडद्यांसकट, स्वयंपाकीण मेबल हिला द्यावा. ती म्हणेल, "एवढ्या पलंगावर मी एकटी काय लोळू?" तिने लोळावे.

कलम तिसरे. चांदीचा पेला मठाच्या महंतांना द्यावा, रिकामा. मधले दोघे भाऊ एकाच तापात गेले आणि दादांमागे गादीला वारस म्हणून मीच उरलो, तेव्हा "देवाने तुला मोकळं केलं" म्हणत महंतांनीच मला मठाबाहेर काढले. पुढे दादांना मुलगे झाले, तशी देवाने मला पुन्हा हाक मारल्याचे महंतांना ऐकू आले. मला आले नाही.

मधल्या काळात तहासाठी समुद्रापलीकडे कोणीतरी ओलीस ठेवायचे होते. थोरल्याला कोण देतो? बंदरावर दादांनी स्वतःचे हातमोजे काढून माझ्या हातांत चढवले. म्हणाले, "रडू नकोस. मी आणीन तुला परत." वर्षे लागली, पण आणले. ते मी विसरलेलो नाही.

परतल्यावर त्यांना न विचारता मी अवीसशी लग्न केले. ती लोकरीच्या व्यापाऱ्याची विधवा. दादा तिला "ती लोकरवाली" म्हणत. लग्नाला आले नाहीत, तिला पुरले तेव्हाही आले नाहीत. याचा मला राग आहे, आणि तो कोणाच्या नावे करता येत नाही.

कलम चौथे. राहिला देह, तो तरी माझा. राजघराण्याच्या मठात दादांनी माझी कबर कोरून तयार ठेवली आहे. पायांशी दगडी सिंह, जागा एकाच माणसापुरती. आमच्याकडे थोरामोठ्यांचे हृदय वेगळे पुरतात. देह राजाघरी, हृदय मनाजोग्या ठिकाणी. मी उलटे सांगतो. हृदय शिशाच्या डबीत घालून दादांच्या त्या कबरीत ठेवावे. देह हेझलबीच्या चर्चमध्ये अवीसशेजारी.

हे ऐकून पाद्री गॉडफ्रे म्हणाले, "अहो, बायकोला हृदय देतात. महाराज चिडतील ना."

मी म्हणालो, "फादर, तिचे पाय कायम गार. माझ्या पोटऱ्यांना टेकवून झोपायची. डबीला काय टेकवणार ती?"

मेबल म्हणाली, "लिहा हो तसंच. किती वर्षं एकट्या आहेत बाईसाहेब."

कलम पाचवे. गॉडफ्रे यांनी हे सर्व अमलात आणावे. राजाची माणसे गाडी घेऊन देह न्यायला आली, तर त्यांना जेवू घालून परत पाठवावे. न्यायचेच असेल तर दादांनी स्वतः यावे, अवीसच्या थडग्यापाशी उभे राहावे आणि तिची परवानगी मागावी. हयातीत तिला त्यांनी एकदाही नावाने हाक मारली नाही. त्या दिवशी मारावी. मग खुशाल न्यावे.

लिहून देणार: रॅनल्फ
साक्षीदार: गॉडफ्रे, पाद्री. सिमकिन, शिकारी कुत्र्यांचा रखवालदार, त्याची फुली.
हेझलबी, सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, दादांच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष.