नकाशात नसलेला झरा

८ वैशाख

आज मला विचारलं! मला — धनसरीला! "आमा, तुमच्या वाडीला काय हवं?" केस पिकले, दात गेले, पण असं कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. तेव्हा बा एवढंच म्हणाला होता, डोंगरापलीकडून वरात येतेय, केस विंचर.

विचारणारी काठमांडूची पोरगी, रश्मिला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातले लोक मदत पाठवतात म्हणे. अट एकच — काय करायचं ते वरच्यांनी नाही, गावाने ठरवायचं. तिच्याबरोबर एक गोरी बाईही होती. आमच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट ढिंडो जेवली, वर गुन्द्रुकचं, आंबवलेल्या सुक्या पाल्याचं, आंबट कालवण. नाक लाल झालं, पण ताट बोटाने पुसलं! मला आवडली.

खिमे हसला. माझा लेक, पण कतारहून परतल्यापासून तोंड कडू. "विचारतात सगळे, आमा. देतो कोण?" सुनेला, रूपसराला, दिवस गेलेत. तशीच घागर घेऊन चढण चढते. खिमेने सांगून टाकलंय — पाणी दाराशी आलं नाही तर दसैंच्या सणानंतर खाली बाजारात खोली घेणार. "तूही चल." मी म्हटलं, मला इथून हलवायला डोजर आणावा लागेल!

९ वैशाख

शाळेच्या अंगणात नकाशा काढला. आम्ही बायकांनी! चुना, राख, रंगीत पूड. माणसं राहतात ती घरं पांढरी. कुलूप लागलेली कोळशाने. घरं काढत गेलो आणि अर्धी वाडी काळी झाली. 

मग मी निळी पूड घेतली आणि पाणवठा काढला. त्याच्या वर, झाडीत, झरा आहे — तो नाही काढला. कसा काढणार? तो नागाचा. त्याच्याकडे बोट करत नाहीत, दिवसाउजेडी नाव घेत नाहीत. आणि हे तर जमिनीवर! येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय पडणार. तिथे मी हिरवी पूड पसरली. नुसतं जंगल!

रश्मिलाने विचारलं, "काही राहिलं का?" सगळ्या एका आवाजात — "नाही!" आणि पदराआड हसलो. शेजारची चौथाली माझ्या कानात म्हणते, "वाचवलं गं नागराजाला!"

मग प्रत्येकाला मूठभर मका. जे हवं त्याच्या चित्रावर दाणे ठेवायचे. नळावर ढीग झाला. रस्त्यावर त्याहून थोडे, तेवढ्यात चौथालीची कोंबडी आली आणि रस्त्याचे दाणे टिपायला लागली. गोऱ्या बाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी!

रश्मिलाने सगळं मोठ्या कागदावर उतरवलं. खाली सगळ्यांचे अंगठे. मी सही केली, प्रौढवर्गात लिहायला शिकलेय ना! वाकडी आली. पण सही!

१२ असार

वॉर्डाचा अध्यक्ष टेकबहादुर स्वतः आला. डोंगरापलीकडच्या गावचा. पालिकेची सभा झाली. "आमा, नळ पुढच्या वर्षी. यंदा रस्ता."

"अरे पण मका नळावर जास्त होता!"

"तो तुमच्या वाडीचा मका. बाकीच्या वाड्यांचाही धरावा लागतो ना."

खोटं नाही बोलला. तेच तर! नाहीतर भांडले असते.

खिमे आता म्हशीला गिऱ्हाईक बघतोय.

२० असोज

नातू! ऐन दसैंत! नाक माझं.

बाळ-बाळंतीण आहे म्हणून जाणं पुढे ढकललं. देवापुढे उगवलेल्या जमऱ्याच्या कोवळ्या पात्या कानावर ठेवल्या तर पोरगं शिंकलं.

२० मंसिर

डोजर आला. नात जुनू ओरडत आली — "बजै, पिवळा राक्षस!" आम्हाला वाटलं होतं जुन्या पायवाटेने येईल. आला डोंगराच्या पाठीमागून. नुसता आवाज, झाडीमुळे दिसत काही नाही. रस्ता तर रस्ता, म्हटलं. रूपसराला दवाखाना तरी जवळ होईल. ड्रायव्हरला लोटाभर ताक पाठवलं. लेकराचं घर कुठल्या कुठे असेल.

२१ मंसिर

पाणवठ्याला लाल पाणी आलं.

आम्ही बायका तशाच वर धावलो. झाडी नाही. झरा होता तिथे कापलेला डोंगर, ओली माती, आणि त्यावर डोजरच्या दातांचे ओरखडे. 

मी तिथल्या रस्त्याच्या इंजिनियरला म्हटलं, "झरा होता इथे! आमचं पाणी!" आज जिभेवर नाव आलं. भर दुपारी. बोटही केलं.

त्याने कागद उघडला. आमचाच कागद. खाली माझी वाकडी सही. "इथे जंगल दाखवलंय, आमा. आम्ही आमच्या मनाने रेघ नाही मारली. तुमच्या नकाशावरूनच मारली."

हिरवी पूड. माझ्या हातची.

५ पुस

पाणवठा आटला. गावचा मांत्रिक, झाँक्री, येऊन त्याचा ढोल, ढ्यांग्रो, बडवून गेला. म्हणाला, नाग गेला. कुठे ते त्यालाही दिसेना.

१८ माघ

रूपसरा पाठीला बाळ बांधून नदीवर जाते.  खिमे म्हणतो, "आता नळ आला तरी कशाला जोडणार, आमा?"

रश्मिला आली होती. रडली. "मला एकदा सांगायचं ना, आमा. मी विचारलं होतं."

"सांगायचं म्हणजे बोट करावं लागलं असतं, पोरी."

तिला चहा दिला. पाणी बेताचं, म्हणून अर्धा पेला. पोरीने नको नको म्हणत घेतला.

मान राखायला गेलो, तर घरच मोडलं त्याचं. चौथाली म्हणते, बोट केलं असतं तर आपलंच काहीतरी वाईट झालं असतं. आणि हे काय झालं गं?

३ फागुन

गेले. म्हैसही गेली. जुनू माझी बाही सोडेना. मी म्हटलं, मी नाही हलायची. खिमेने जुनूची बोटं सोडवली. मग म्हणाला, "डोजर तर येऊन गेला, आमा."

१० फागुन

सवयीने सगळ्यांचा ढिंडो घाटला. कोंबड्यांना घातला.

२९ चैत

परवा चौथालीच्या दाराला कुलूप लागलं. कोंबड्या माझ्याकडे सोडून गेली.

६ वैशाख

आज पुन्हा नकाशा. आम्ही मोजक्याच. मी आधी झरा काढला, निळा, ठसठशीत. रश्मिला हळूच म्हणाली, "आमा, आता जे आहे तेवढंच काढायचं." मी पुसला. मग कोळसा घेतला आणि माझं घर काळं केलं. उद्या खिमे न्यायला येतोय.