मी ओव्हनकडे पाहत होते

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपार

प्रिय ठमीस,

अनेक आशीर्वाद. या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण दुसरं नाव जिभेवर येत नाही.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या सासऱ्यांना नवी कवळी बसवली, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजते. रागावले की जास्तच. मग मला हसू येतं आणि ते आणखी रागावतात.

सोबतच्या डब्यात चॉकलेटची बिस्किटं आहेत. तू कुकीज म्हणायचीस. वहीत तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तसंच केलं. पहिल्या खेपेला लोणी वितळवलं, तर सगळी पसरून एकमेकांना चिकटली. उलथन्याने खरवडावी लागली. हे तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "चव आहे, आकार कुठाय?" दुसरी खेप कडक होण्याची वाट बघत बसले आणि कोळसा झाला. मग वहीच्या कडेला तुझी ओळ दिसली : 'आई, मऊ असतानाच बाहेर काढा. गार झाली की आपोआप कडक होतात.' तिसऱ्यांदा जमली.

बिस्किटांवर इतकं लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

त्या दुपारी ओव्हनमध्ये हीच बिस्किटं होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. माझ्या पोराने तुला ढकललं आणि तुझं मनगट कपाटाच्या कडेवर आपटलं, ते मी पाहिलं. हाड मोडल्याचा आवाजही ऐकला. दोन दिवसांनी तुझे आईवडील आले, सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. "तिचा पाय घसरला," तो म्हणाला. तू माझ्याकडे वळलीस. "आई, तुम्ही दारातच होतात. सांगा ना."

मी म्हणाले, "मी ओव्हनकडे पाहत होते गं."

तू उठून आत गेलीस. एका हाताने बॅग भरलीस.

दोन वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की आईने पोराच्या विरुद्ध कसं बोलावं. गेल्या महिन्यात त्याला एक स्थळ आलं. मुलीच्या आईचा फोन होता. "राग मानू नका, स्पष्टच विचारते. पहिलं लग्न का मोडलं? मुलगा म्हणतो, पटलं नाही."

तेच म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तुझ्या आईचा त्या दिवशीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "त्याने तिच्यावर हात उचलला. तिचं मनगट मोडलं. मी पाहिलं आणि नाही म्हणाले."

मग "उपकार झाले" एवढंच म्हणून त्या बाईने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला.

तो तणतणत घरी आला. "स्वतःच्या पोराचा संसार मोडलास!"

"तुझा एक संसार मोडताना मी गप्प बसले," मी म्हटलं. "दुसरा खोट्यावर मांडू देणार नाही."

तेव्हापासून त्याचा फोन नाही. जीव तुटतो गं, खोटं कशाला सांगू. तुझ्या सासऱ्यांनीही दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "परक्या बाईला सांगितलंस. जिला सांगायला हवं, तिला कळवलंस का?"

म्हणून हे पत्र. तुझ्या आईवडिलांना वाचून दाखव. त्यांच्यासमोर खोटं बोलले होते.

माफी मागत नाही. मागितली, की ती द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर. उत्तरही पाठवू नकोस, वाटलं तरच पाठव. बिस्किटं घशाखाली उतरत नसतील तर शेजारी वाटून टाक. पत्र मात्र ठेव. कधी कुणी तुला खोटं ठरवलं तर ते पुढे कर. वर तारीख घातली आहे, खाली सही करते आहे. विचारायला कुणी आलं तर मी त्यांच्यासमोर हेच सांगेन.

जिने पाहिलं होतं, ती
आई